ताज्या निंबोळ्या

बंगलोरच्या आमच्या प्रयोगशाळेत परदेशी जर्नलं बोटीनं, कित्येक महिने उशिरा येत. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ ती सगळ्यांच्या आधी वाचत आणि कॉफीच्या वेळी नवे शोध बातमी दिल्यासारखे सांगत. सांगण्याच्या भरात निम्मी कॉफी बशीत सांडे. त्यांचं मराठी घराणं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेलं; आम्ही सगळे धाकटे त्यांचे 'तम्मा', म्हणजे धाकटे भाऊ.

एके दिवशी ते कॉफीला न जाता सरळ माझ्याकडे आले. जर्नल समोर ठेवून म्हणाले, "तम्मा, स्वल्प बस."

निंबोळीतला जो कडू पदार्थ मी दोन वर्षं वेगळा करू पाहत होतो, तो लंडनमध्ये कुणीतरी वेगळा करून छापूनही टाकला होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी ताठ मानेनं सांगत असे. आता पीएच.डी. बुडाली, एवढंच मला दिसत होतं.

"अरे, त्यांच्या निंबोळ्या बोटीत वाळून गेलेल्या," ते म्हणाले. "तुझं झाड खिडकीबाहेर उभं आहे. ताज्या निंबोळीत आणखी काय असतं, ते त्यांना कुठलं ठाऊक? ते तू बघ."

मग मला ओढतच कॉफीला नेलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आपल्या तम्माचं काम बरोबर आहे. लंडनहून दुजोरा आलाय."

सगळे हसले. मीही हसलो आणि कॉफी संपवून निंबोळ्या वेचायला गेलो. माझी पीएच.डी. पुढं त्याच निंबोळ्यांवर झाली.