आतल्या बाजूचं चंदन

वासंतीचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. "अक्का, अप्पा गेले," एवढंच म्हणाली. वासंती म्हणजे कुंभकोणमच्या माझ्या मामांची एकुलती एक मुलगी. सकाळी मामांनी दुसऱ्यांदा कॉफी मागितली आणि ती घेऊन ही बाहेर आली तोवर... मग म्हणाली, "नखांत अजून लाकडाचें पॉलिश आहे त्यांच्या. न्हाऊं घालतांना निघेल कीं नाहीं, कोण जाणे." ते निघत नाही, हे मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या नखांतून ते जायला महिना लागला होता.

माझी आई कुंभकोणमची, लग्न होऊन पुण्याला आलेली. मामा तिचे धाकटे भाऊ. मामांचा टायपिंगचा क्लास होता. घराबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, अशी त्यांची आयुष्यभराची वाटणी होती. ती मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेली आणि तिथेच राहिली. एकदा आमच्याकडे आले असताना शेजारच्या काकूंना त्यांनी "भोजन जाहलें कीं?" असं विचारलं आणि काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. मलाही लाज वाटली होती. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

रुक्कूमामी जाऊन चार वर्षं झाली तेव्हा वासंतीने स्वयंपाकघर बदलायचं मनावर घेतलं. एका भिंतीभर सागवानी कपाटं होती, अकरा दारांची. मामींच्या तळणीचा धूर आणि फोडण्यांची वाफ पिऊन ती काळी, चिकट झाली होती. दार उघडलं की बोट सोडवून घ्यावं लागायचं. वासंतीचं म्हणणं काही चूक नव्हतं. माणसं येऊन मापंसुद्धा घेऊन गेली होती. मामा म्हणाले, "एक उन्हाळा दे मज. उजळलीं नाहींत तर काढून टाक." आणि आयुष्यात कधी हातोडी न धरलेला हा माणूस वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी जवळच्या साक्कोट्टै गावातल्या सुताराकडे जाऊन पॉलिश शिकून आला.

मी मार्चमध्ये गेले तेव्हा पाच दारं झाली होती. आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तेलकटपणा काढायचा, दोन दिवस वाळवायचं, मग पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषेरेषेने घासायचं, आडवं एकदाही नाही. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, फडक्यात कापूस गुंडाळून, पातळ हाताने. एक हात झाला की थांबायचं. काम सुरू करण्याआधी मामा रोज मिठाच्या भरणीत बोटं घालून बघत. मीठ ओलसर लागलं तर त्या दिवशी सुट्टी, कारण दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढरं पडतं. मी मोबाइलवर हवामान बघून सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि तरीही भरणीकडे जायचे.

मला काम नसलं की हात शिवशिवतात. मामांनी शेगडीशेजारच्या कपाटाचं दार काढून माझ्यापुढे ठेवलं. मीठमसाल्यांचं कपाट, सगळ्यांत जास्त वापरातलं आणि म्हणून सगळ्यांत मळकं. म्हणाले, "बाहेरलें अंग कर. आंतलें राहूं दे." मला वाटलं, भाचीला किती राबवायचं म्हणून संकोच करताहेत. दुसऱ्या दिवशी ते मंडईत गेले तेव्हा मी दार उलटं केलं. आत मधोमध पिवळट-तपकिरी खपल्यांचा रुपयाएवढा थर होता, वर लालसर ठिपके. हळदीमसाल्याचे डाग असणार म्हणून मी सोड्याच्या पाण्याने खसाखसा धुतलं. उरलेलं दोन दिवसांनी पॉलिश पेपरने घासून काढलं आणि जाण्याआधी आतल्या बाजूलाही लाखेचे सहा हात दिले. बाहेरच्यापेक्षा आतली बाजू जास्त चमकायला लागली. नको तिथे हौस म्हणतात ती ही.

मामांनी ते पाहिलं, म्हणजे धुतलेलं दार, धुतलं त्याच दुपारी. हातातली पिशवी खाली ठेवायचं विसरून उभे राहिले. मग शेजारचं दार उघडून त्याची आतली बाजू मला दाखवली. तिथेही तसाच थर होता. प्रत्येक दारावर होता.

"आयुधपूजेचें चंदन," ते म्हणाले. "रुक्कूचें बोट तें."

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. तिकडे त्या दिवशी घरातली राबणारी प्रत्येक वस्तू चंदनकुंकू लावून घेते. क्लासातल्या टाइपरायटरना मामा लावत, स्वयंपाकघर मामींचं. दर वर्षी त्याच जागी, आदल्या वर्षीच्या बोटावर नवं बोट. चौतीस वर्षांचा तो थर मी एका सकाळीत मोरीत ओतला होता. मला रडू फुटलं. मामा म्हणाले, "पोतुम. तुज ठाऊक नव्हतें." पोतुम म्हणजे पुरे. मग ते कॉफी करायला वळले. त्यांनी रागावायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. रागावले असते तर फिटलं असतं.

खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं. पण अपराधी माणूस जास्तच राबतो. पुसलेलं परत आणता येत नव्हतं, म्हणून मी त्याच्यावर चमक चढवत बसले. मामा बघत होते, थांबवलं नाही. निघताना दारावरून हात फिरवून म्हणाले, "छान जाहलें."

उरलेली दारं त्यांनी उन्हाळाभर केली, फक्त बाहेरून. ती संपल्यावरही हात थांबले नाहीत, घरातलं लाकडाचं जे दिसेल ते पॉलिशला घेत राहिले. वासंतीने माप घेणाऱ्यांना परस्पर नको म्हणून कळवलं. त्या वर्षी आयुधपूजेला मी मुद्दाम फोन केला. "माझ्या दारावर चंदन लावलंत?" "लावलें," मामा म्हणाले. मला केवढं हलकं वाटलं होतं...

तेराव्याला गेले. माणसं पांगल्यावर मी आणि वासंती स्वयंपाकघरात भांडी लावत होतो. मिठाची भरणी ठेवायला मी ते दार उघडलं. आतली बाजू आरशासारखी, एक ठिपका नाही. फळीवर मात्र, बरोबर त्या जागेखाली, पिवळी पूड पडलेली होती.

"थांबत नाहीं तें," वासंती म्हणाली. "पॉलिशवर चंदन सुकलें कीं गळून पडतें. अप्पा दर शुक्रवारीं लावीत. दुसरे दिवशीं पडे. पुन्हां लावीत."

"दर शुक्रवारी?"

"दोन वर्षें. मी म्हटलें, अप्पा, रुपयाएवढें घासून टाका, मग धरेल. तर म्हणाले, नको, तिणें एवढें मन लावून केलेंय."

मी भरणी तशीच हातात धरून उभी राहिले. मामींचं बोट मी पुसलं होतं, आणि माझी चमक बिघडू नये म्हणून हा माणूस दोन वर्षं न टिकणारं चंदन लावत होता. फोनवर "लावलें" म्हणाले ते खोटं नव्हतं. पूर्ण मात्र नव्हतं. त्यातलं मला लागेल तेवढं त्यांनी झाकून ठेवलं होतं.

पॉलिश पेपरचा एक तुकडा अजून खिडकीत होता. तो घेतला, आणि दाराकडे वळण्याआधी माझा हात आपोआप भरणीत गेला. मीठ कोरडं होतं. रुपयाएवढ्या त्या जागेवर मी रेषेरेषेने घासलं, आडवं एकदाही नाही. सहाही हात उतरले, आतलं लाकूड दिसायला लागलं, बोटाला खरखरीत लागलं. वासंती शेजारी उभी होती. फळीवरची पूड तिने पुसू दिली नाही.

वर्षभर घरात सण नाही, तेव्हा यंदा आयुधपूजाही नाही. चमकत्या दारावर ती रुपयाएवढी उघडी जागा तशीच राहील. पुढच्या वर्षी वासंती तिथे बोट टेकवेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तरी चंदन जागेवर असेल.