पाहुण्याचा ग्लास

गावंडे मॅडमवर लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या दर्यापूरच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काही चुकलं तर माफ करावं. पण लिहिलं नाही, तर त्या फक्त रागीट बाई म्हणून लोकांच्या लक्षात राहतील.

राग तर होताच. अमरावतीला त्या आम्हाला रसायनशास्त्र शिकवायच्या. माहेर अकोल्याकडच्या खेड्यातलं. तिथल्या रेझिनच्या कारखान्यातलं फिनॉल नाल्यातून त्यांच्या वडिलांच्या विहिरीत उतरलं होतं. पाण्याला दवाखान्याच्या फरशीसारखा वास यायचा. गाय तोंड फिरवायची. म्हातारा मात्र हट्टानं तेच प्यायचा.

मॅडम आमच्याकडून प्रयोग त्याच नाल्याच्या पाण्यावर करून घेत. काचेच्या नरसाळ्यात पाणी आणि त्यावर तरंगणारं, त्यात न मिसळणारं ब्यूटाइल ॲसिटेट घालून हलवायचं. फिनॉल पाणी सोडून वरच्या थरात जातं. मग खालचं पाणी वेगळं काढायचं. हलवताना आत वाफ कोंडते, म्हणून मधूनमधून तोटी उघडावी लागते. मी विसरलो की मागून आवाज यायचा, "दाब सोड बाप्पा. राग नको सोडू."

एका गॅदरिंगला त्या कारखान्याचे मालकच प्रमुख पाहुणे म्हणून आले. पाहुण्याला आधी पाणी, ही आपल्याकडची रीत. मॅडमनी ग्लास स्वतः नेला. त्यात माहेरच्या विहिरीचं पाणी होतं. मालकांनी तो ओठांशी नेला, वास आला, तसा खाली ठेवला.

"घ्या ना साहेब," मॅडम म्हणाल्या. "माहा बाप रोज पेते. नाल्यात सोडाच्या अगोदर हे फिनॉल काहाडता येते. माही पोरं काहाडून राहिले. तुमी काहून नाई काहाडत?"

लवकरच कॉलेजनं मॅडमची प्रयोगशाळा काढून घेतली, त्यांना ग्रंथालयात बसवलं. मी भीतभीत म्हटलं, तो कारखाना बंदच पाडायला पाहिजे.

"बंद कायले? मंग तो दुसऱ्या गावात जाईन. मले त्यानं तो ग्लास पेलेला पायजे."

पुढे मॅडमचे वडील वारले. त्यांच्या कारखान्याविरुद्धच्या तक्रारी थांबल्या नाहीत.

परवा त्यांच्या भाच्याचा फोन आला. कारखान्यात फिनॉल काढून घ्यायचं यंत्र बसलं. मालक गावात येऊन म्हणाले, आता पाण्याची काळजी सोडा. मॅडमनी विहिरीतून बादली ओढली, ग्लास भरून त्यांच्यापुढे धरला. थोडा वास अजून होता. सगळं गाव बघत होतं. मालकांनी डोळे मिटून ग्लास रिकामा केला.

मॅडम भाच्याला म्हणाल्या, "पाहुण्याले आणखी एक दे."