उकळलेलं ताक आणि शिराळ्याचे सहा दिवस

शिराळ्याला जायचं ठरवलं तेव्हा माझी सुनू दीड वर्षाची होती, आणि ती हातची जाणार या भीतीनं माझी झोप उडाली होती. साल पंचाहत्तरच्या आसपासचं. नवरा फौजेत, साताऱ्यात आम्ही मायलेकीच. सुनूचा विषमज्वर औषधानं उतरला, पण जुलाब काही थांबेनात.

डॉक्टर म्हणाले, "औषधानं वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगले जंतूही मेलेत. ताजं ताक द्या. मीठ-साखरेचं पाणी चालूच ठेवा. लघवी थांबली तर मात्र तडक दवाखाना गाठा."

माझ्या दह्याला तेव्हा नुसती तार सुटायची. शिराळ्याच्या माझ्या मोठ्या नणंदेच्या, वन्संच्या, विरजणाचं मात्र सासरी सगळे नाव काढायचे. घेतली पिशवी आणि निघाले.

आज हायवेनं तुम्ही दोन-अडीच तासांत पोचाल. तेव्हा एसटीनं अख्खा दिवस खाल्ला. उंब्रजला सगळे भज्यांसाठी उतरले, मी सुनूचं दुपटं चाचपत बसले. कोरडं! डॉक्टरांचं बोलणं आठवलं.

शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, "पोरगी लय मलूल दिसती. पाणी पाजा, आवं, बघत काय बसलाय?"

सोबतचं मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत राहिले. कराडला गाडी बदलताना दुपटं ओलं लागलं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

शिराळ्यात वन्संचं घर तालमीच्या मागं. शिंक्यावर दह्याचं काळंकुट्ट मडकं, साबण कधी न लागलेलं, वर माशा. ते बघूनच माझं अवसान गळालं. आधीच पोट बिघडलेलं लेकरू, त्याला हे पाजू? वन्संना सांगायची हिंमत नव्हती. वन्सं गोठ्यात गेल्या की मी ताक स्टोव्हवर खळखळ उकळायची आणि फुटलेलं पाणी गाळून सुनूला द्यायची. दोन दिवस झाले, फरक शून्य. पोर मांडीवर नुसती पडून. मला काहीबाही दिसायला लागलं.

तिसऱ्या सकाळी वन्संनी मला स्टोव्हपाशी पकडलं.

"शालन, ताक उकळतीस व्हय गं? मग त्यात जित्तं काय ऱ्हायलं?"

"जंतू असतात, वन्सं," मी रडतच म्हटलं.

"आगं, डॉक्टरनं त्येच पोटात घालाय सांगितलंय म्हनालीस न्हवं?"

मी स्टोव्ह बंद केला. वन्संनी ताजं ताक घुसळलं, आधी स्वतः वाटीभर प्यायल्या, मग सुनूच्या तोंडाला लावलं. ती पीत होती. आता पोट आणखी बिघडलं तर? दिवसभर मी तिच्याजवळून हलले नाही.

बिघडलं नाही. जुलाब हळूहळू कमी झाले. सहाव्या दिवशी वाटीभर विरजण मांडीवर सांभाळत परतले. ताकानं की मीठ-साखरेच्या पाण्यानं, की दोन्हींनी, मला सांगता येणार नाही. तुमचं लेकरू आजारी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

साताऱ्यात आल्यावर चौथ्या दिवशी सुनूला बांधून शी झाली. मी शेजारच्या काकूंना हाक मारून ती दाखवली, आणि दोघी दारात बसून रडलो. आज सुनू पन्नाशीची आहे. तरी फोनवर सहज "आई, पोट जरा बिघडलंय गं" म्हणाली, की मी आधी विचारते, "लघवी होतेय ना?"