न मिटलेली नळी

सत्तरच्या दशकात मी शिरूर तालुक्यात नर्स होते. माझ्याकडच्या एका गावात दौंडला रेल्वेत गाड्यांसाठी रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनची बायको माहेरी बाळंत झाली. पहिलीच मुलगी. बाळंतपण मीच केलं.

महिन्याभरात दोनदा बाळाला पाहून आले. वजन म्हणावं तसं वाढत नव्हतं. "दूध पुरत नसेल," असं सांगून दोन्ही वेळा मी पुढच्या घरी गेले. तिसऱ्या वेळी बाळाची आईच म्हणाली, "बाई, दूध मायंदाळ हाय. पर ही चार घोट पिती आन् दमती. कपाळ बघा कसं भिजतंय."

"खोलीत शेगडी हाय, घाम येनारच," बाळाची आजी म्हणाली.

मी बाळाला उघडं केलं. श्वास भराभर चालला होता. छातीवर हात ठेवला, तर प्रत्येक ठोक्याबरोबर बारीक थरथर लागली. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी बाळ-बाळंतिणीला एसटीनं शिरूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली आणि पुण्याला पाठवलं. तिथं कळलं, की पोटात असताना हृदयाजवळ एक नळी उघडी असते, जन्मल्यावर ती मिटते. हिची मिटली नव्हती. ऑपरेशन वजन वाढल्यावर. तोवर थेंबांचं औषध, पण आधी मिनिटभर ठोके मोजायचे. औषधानं ठोके मंदावतात, म्हणून शंभराच्या आत भरले तर ते द्यायचं नाही.

"मला इसाच्या म्होरं मोजता येत न्हाई," ती रडवेली झाली.

"वीस झाले की एक बोट मीट," मी म्हटलं. "पाच बोटं मिटली की शंभर."

दौंडच्या क्वार्टरमध्ये नवरा घड्याळ धरायचा आणि ती बाळाच्या छातीवर तळवा ठेवायची. एका सकाळी चारच बोटं मिटली. नवरा म्हणाला, "परत मोज." पुन्हा चारच. औषध न देता दोघं तशीच पुण्याला गेली. डॉक्टरांनी डोस कमी केला.

सव्वा वर्षाची झाल्यावर तिचं ऑपरेशन झालं. बरगड्यांमधून जाऊन डॉक्टरांनी ती नळी बांधून टाकली.

पुढं काही महिन्यांनी मी दौंडला त्यांच्याकडे गेले. आई लेकीला म्हणाली, "ह्या बाईंनीच तुझं दुखनं वळखलं."

"मी नाही, तूच ओळखलंस," मी म्हणाले.

पोरीनं माझी पांढरी साडी पाहिली, भोकाड पसरलं आणि धावत जाऊन खाटेखाली शिरली. चहा पिऊन मी निघेपर्यंत काही ती बाहेर आली नाही.