आबांनी न मारलेलं प्यादं

माझ्या वडिलांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे ठरवायचं काम मी एका मशीनवर सोपवलं होतं. ऐकायला हे निर्दय वाटतं. पण डॉक्टर, भाऊ आणि मी अशा तिघांची तीन मतं झाल्यावर मला चौथं, माया-ममता नसलेलं मत हवं होतं.

मी बुद्धिबळ शिकवते. खांदा कॉलनीतल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून लॅपटॉपवर लोकांच्या मुलांना ओरडते, हाच माझा व्यवसाय. खेळ मला आबांनी शिकवला, पुस्तकातल्या नियमांनी. आबा मूळचे गव्हाणचे, मिठागरवाल्या घरातले. पुढे नोकरी लागली, पनवेलला बिऱ्हाड केलं, गावची बोली चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवली आणि आमच्याशी छापील मराठी बोलत राहिले. आई गेल्यावर ते माझ्याकडे आले. मग हळूहळू एकेक गोष्ट निसटायला लागली. चहात दोनदा साखर, नळ उघडा, मला नावाने हाक मारणं बंद होऊन नुसतं "अगं". एका सकाळी घरातून निघाले ते उरणच्या रस्त्याला सापडले. मिठागर कुणीकडे गेलं, असं एका टपरीवाल्याला विचारत होते. तिथे आता उंच इमारती आहेत आणि वरून विमानं जातात.

त्या दिवशी करंजाड्याला राहणारा माझा धाकटा भाऊ घाबरला. अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था त्याने पुण्याच्या बाजूला पाहून ठेवली. तो वाईट नाही, त्याला फक्त रात्री झोप हवी होती. मी म्हटलं, आबा रोज माझ्याशी खेळतात, ज्याला पुढच्या चार चाली दिसतात तो माणूस गेलेला नसतो. भावाला घोडा अडीच घरं चालतो यापलीकडे खेळातलं काही कळत नाही, पण त्याने मला बरोबर पेचात पकडलं. म्हणाला, मुलांचे डाव तू मशीनवर तपासतेसच ना, मग आबांचेही तपास. खेळ शाबूत असेल तर ते इथेच राहतील, नसेल तर माझं ऐकायचं. मी हो म्हटलं. माझा मशीनवर विश्वास होता आणि आबांवर त्याहून जास्त.

मी हत्तींचे शेवट निवडले. डावाच्या शेवटी दोघांकडे राजा, एखादा हत्ती आणि दोन-चार प्यादी उरतात तो हा भाग, आणि आबांचा हा लाडका. हत्तीच्या शेवटात माणूस कळतो, असं ते म्हणायचे. शिवाय तिथे मशीन कधी चुकत नाही. दोन्ही राजे धरून पटावर सात सोंगट्या किंवा त्याहून कमी उरल्या, की ते विचारच करत नाही. अशा सगळ्या डावांचे निकाल आधीच काढून ठेवलेले आहेत. तुम्ही मांडायचा अवकाश, ते सांगतं, हा जिंकला, हा हरला, ही बरोबरी. विद्यार्थ्यांना हे मी मोठ्या कौतुकाने सांगते. पण एकटी असले की मला त्याची थोडी भीती वाटते. आपण अजून डोकं धरून बसलेलो असतो आणि पलीकडे कुणालातरी शेवट ठाऊक असतो.

जेवणानंतर आम्ही खेळायचो. आबा झोपले, की मी चाली लॅपटॉपवर चढवायची. पहिले काही दिवस आबांच्या चाली बघून मला आनंदाने हसू यायचं. मग एका दुपारी त्यांच्याकडे राजा आणि हत्ती होता, माझ्याकडे राजा आणि एकच प्यादं. ते प्यादं मारलं की खेळ खलास, नवशिक्या पोरालाही कळेल. आबांनी हत्ती त्याच्यापाशी आणला, थांबले आणि बाजूला नेला. माझं प्यादं वाचलं. संध्याकाळी, कोण किती वरचढ आहे हे दाखवणारी मशीनची पट्टी आबांच्या बाजूने भरभरून होती, ती त्या चालीला धाडकन मध्यावर आली. आबांनी जिंकलेला डाव सोडून दिला होता.

दुसऱ्या डावातही तेच झालं. पुन्हा तेच. शेवटचं प्यादं आलं की आबांचा हात जवळ जाई आणि मागे येई, जणू तिथे चटका बसत होता. त्यातच आणखी एक विचित्र गोष्ट सुरू झाली. डाव अर्धा टाकून मी बाजारात गेले, की परत येईपर्यंत पट बदललेला असे. आबांच्याच नाही, माझ्याही सोंगट्या हललेल्या असत. समोरची माझी खुर्ची थोडी मागे सरकवलेली, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. आबांना विचारलं तर ते माझ्याकडे न बघता माझ्या खांद्याच्या वर बघत आणि ओळखीचं हसत. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तरी मी मागे वळून बघायला लागले.

आबा पुन्हा निघून जाऊ नयेत म्हणून घरात लावलेल्या कॅमेऱ्यात मला उलगडा झाला. आबा उठत, समोरची खुर्ची पंच्याने पुसत, परत आपल्या जागी बसत आणि वाट बघत. मग हात लांब करून समोरच्याची चाल स्वतःच करत. त्या सगळ्या चाली मी उतरवून घेतल्या आणि मशीनला दिल्या. मशीनच्या मते दोन्हीकडे गोंधळ होता. मी ते भावाला दाखवलं, कारण शब्द दिला होता. स्क्रीनकडे बघून तो हळूच म्हणाला, "ताई, तुझंच मशीन सांगतंय." संस्थेत जागा ठरली.

न्यायच्या आदल्या आठवड्यात आबांचं एक प्यादं शेवटच्या घरात पोचलं, घोड्याच्या रांगेत. मी सवयीने वजीर पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला, डब्यातून घोडा शोधला आणि तिथे ठेवला. इतक्या ठामपणे, की मला त्यात गोंधळ दिसेना. मी गव्हाणला आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, त्यात काय, देशी खेळात तसंच असतं. प्यादं ज्याच्या घरात जाईल तेच होतं, वजीर काय कुठेही मिळतो का. मी तिला शेवटच्या प्याद्याबद्दल विचारलं. ते कसं मारेल, आत्या म्हणाली. समोरचा राजा एकटा उरला की बुर्जी होते, म्हणजे बरोबरी. जिंकायचं तर त्याचं एक तरी माणूस पटावर जिवंत ठेवून मात करायची.

मग आत्या आपणहून म्हणाली, खेळ त्याला दादाने शिकवला ना, मिठागराच्या बांधावर. आबांना थोरला भाऊ होता आणि तरुणपणी तो खाडीत बुडाला, एवढंच मला माहीत होतं. तो कसा खेळायचा, हे आत्याने सांगितलं. आडदांड. प्यादी फुकट उधळायचा आणि सरळ राजाच्या अंगावर जायचा.

नियम बदलता येतात असं बुद्धिबळाचं एक इंजिन, म्हणजे प्रोग्रॅम, मिळतं. त्यात मी देशी नियम जमतील तसे भरले. राजा एकटा उरला की बरोबरी, प्यादं आपापल्या घराचंच होणार. मग आबांचे सगळे डाव नव्याने घातले. आधी मला वाटलं काहीतरी चुकतंय. ज्या ज्या चालीला पट्टी कोसळली होती तिथे ती आता तसूभरही हलेना. मी चूक म्हणून ज्यावर लाल खुणा केल्या होत्या त्या चाली मशीनने स्वतः पहिल्या पसंतीच्या म्हणून दाखवल्या. आबा एकही डाव चुकले नव्हते. सगळ्या चुका माझ्या होत्या.

आणि कॅमेऱ्यातले, रिकाम्या खुर्चीशी खेळलेले डाव. तिथे समोरची बाजू मुद्दाम हरत नव्हती. ती चांगली होती, पण आबांसारखी नव्हती. मी इतकी वर्षं मुलांचे डाव बघते, दोन हातांतला फरक मला नाव न वाचता कळतो. समोरचा प्यादी फुकट उधळत होता आणि सरळ राजाच्या अंगावर येत होता.

भावाला मी सगळं समजावलं. त्याला बुर्जी काय कळणार, पण माझा चेहरा कळला. त्याने संस्थेला फोन करून नको म्हणून सांगितलं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. आबा कुठेही गेले नव्हते. ते शाबूत होते, फक्त खेळत कुणा दुसऱ्याशी होते, हे मला त्या आनंदात नीट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी पट मांडला आणि पहिल्यांदाच देशी नियमांनी खेळले. मला त्यांच्यापर्यंत पोचायचं होतं, आणि तिकडे जायची दुसरी वाट मला ठाऊक नव्हती. मी प्यादी उधळली. हत्ती सरळ त्यांच्या राजावर नेला. आबांनी पटावरून मान वर केली. या वेळी ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत नव्हते, माझ्याकडेच बघत होते. इतक्या लख्ख नजरेने त्यांनी माझ्याकडे कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"आलास?" ते म्हणाले. "कपडे सुकले का तुजे?"

माझ्याशी जन्मात ते त्या बोलीत बोलले नव्हते. मला उठून जावंसं वाटलं. मी मान हलवली. ते समाधानाने पुटपुटले, आपली चाल केली, आणि मग कुणी ऐकत नाही ना हे बघावं तसं त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. पटावर वाकून, आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "दादा, घरात ती बाय हाय ना, ती माजी पोर हाय. मना ठाव हाय. पन तिचा नाव नाय आटवत. तिला सांगू नको. रडंल ती."

"नाय सांगत," मी म्हटलं, आणि हत्ती उचलला.