फळीवरची हाक

आमच्या घरी आधी अंघोळीचं पाणी काळं व्हायचं, मग माणूस स्वच्छ व्हायचा. कटंगीकडच्या एका गावात, खाणीला लागून आमची झोपडी होती. आजूबाजूला धानाच्या बांध्या, त्यातली एकही आमची नाही. भात खायचो तो मिलमधल्या कणीचा.

माय आणि बाबा दोघंही मँगनीजचा दगड वाहायचे. डोक्यावर घमेलं, पायाखाली तिरपी लाकडी फळी आणि फळीच्या टोकाला मालगाडीचा उघडा डबा. फळी अरुंद, चालताना लवायची. एकाचा पाय चुकला की मागचे सगळे खाली. म्हणून मागचा माणूस पुढच्याला हाक द्यायचा, "चढ, पाय. चढ, पाय." बाबांच्या मागे नेहमी माय असायची.

हा दगड जातो कुठं, असं बाबांनी एकदा मुकादमाला विचारलं. विशाखापट्टणमला, तिथून जहाजानं, असं तो म्हणाला. तेव्हापासून बाबांचं एकच. "भरलं आपण, मंग जहाज पाहाले नोको?"

मी वारासिवनीच्या कॉलेजातून बीएस्सी झाले. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. पण मला नोकरी लागेपर्यंत बाबांचं शरीर बिघडलं होतं. चेहरा लाकडासारखा झाला, आवाज बसला, चालताना टाचा टेकेनात. मध्येच पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. चौकातले लोक म्हणायचे, "काहो, आज सकाळीच चढवली का?" बाबांनी तरुणपणी पंचशील घेतलं होतं. दारूचा थेंब कधी तोंडाला लावला नाही. नंतर त्यांनी चौकात जाणंच सोडलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दगडाची धूळ डोक्यात गेली आहे, हे मागे फिरणार नाही. काय दाखवायचं ते पाय आहेत तोवर दाखवा.

आम्ही तिघांनी गोंदियाहून गाडी धरली. विशाखापट्टणमला उतरून जुन्या भागात लॉज शोधला. काउंटरवरच्या माणसानं बाबांची चाल पाहिली आणि म्हणाला, "पीनेवालों को रूम नहीं देते." मी म्हटलं, "बीमार हैं." तो म्हणाला, "सब यही बोलते हैं." मायनं माझा हात ओढला. "चाल. याच्यासंग काहून भांडून राह्यली? दिवस जाईन." पिशव्या स्टेशनावर ठेवून आम्ही पुन्हा जुन्या गल्ल्यांत आलो.

टेकडीवरच्या चर्चपासून बंदर दिसतं, असं कळलं होतं. गल्ली कौलारू घरांमधून जात होती. लाकडी खांब, बंद खिडक्या, भिंतींवर ओलीचे डाग. पायऱ्या समोर दिसत होत्या आणि तिथंच बाबांचे पाय थांबले. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवायला लागले. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या दोघांपैकी एकानं दुसऱ्याकडे पाहून अंगठा तोंडाशी नेला. त्यांची भाषा येत नसली तरी एवढं कळलं. मी बाबांना ओढलं तर ते मागे कलंडले, कसंबसं सावरलं.

"राहू दे, पोरी," बाबा म्हणाले. "पाहून झालं."

माय त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचला आणि खाणीतल्या आवाजात म्हणाली, "चढ, पाय."

बाबांनी पाय उचलला.

"चढ, पाय. चढ, पाय."

बाबांची मान ताठ झाली, एक हात डोक्याकडे गेला, जणू वर घमेलं आहे. गल्ली संपली, पायऱ्या सुरू झाल्या. लोक पाहत होते. माय थांबली नाही.

वर वारा होता. खाली खाडीतून एक जहाज संथ आत येत होतं. बाबा बराच वेळ पाहत राहिले.

"रिकामं हाये का भरलेलं?"

"रिकामं असन तं काय भराले जाता?" माय म्हणाली.

बाबांचा चेहरा आता हसत नाही. खांदे मात्र हलले. मग ते म्हणाले, "आपल्या साऱ्या वस्तीले नळ एकच होता. अन् इथं एवढं पाणी."

उतरताना हाक उपयोगी पडली नाही. फळीवरून उतरताना घमेलं रिकामं असायचं, तेव्हा कुणी हाक देत नसे. बाबांना मी एका बाजूनं आणि मायनं दुसऱ्या बाजूनं धरून खाली आणलं. ओट्यावरचे दोघं अजून तिथंच होते.

बाबा आता खाटेवरून उठत नाहीत. मायची हाकही त्यांच्या पायांपर्यंत पोचत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. पण ज्या वाटेनं त्यांचा दगड गेला ती त्यांनी टेकडी चढून पाहिली, स्वतःच्या पायांनी.