काचेवर धरलेले दोन कागद
प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की नोएडाच्या त्या ऑफिसची पश्चिमेकडची खिडकी आठवते. स्क्रीनच्या डिझाइनची फाइल असली की जुन्या-नव्या प्रती जपणारं आमचं सॉफ्टवेअर एवढंच सांगायचं, ‘फाइल बदलली आहे.’ काय बदललं, ते आपलं आपण शोधा! मग दोन्ही प्रती छापून, एकावर एक ठेवून ऊन आलेल्या खिडकीच्या काचेवर धरायच्या. एकदा संध्याकाळी प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जायचा होता. हात भरून आले, घरी नेणारी मयूर विहारची चार्टर्ड बस गेली, तरी मला आणि ऑफिसातल्या मैत्रिणीला फरक सापडेना. तेवढ्यात शेजारचा सहकारी चहा पीत म्हणाला, “अरे यार, मैंने तो बस खोलके सेव्ह किया था.” म्हणजे बदललं काहीच नव्हतं. मैत्रीण काचेला कपाळ टेकून उभी राहिली. हल्ली पुण्याला घरी गेले की आई म्हणते, “तू बदललीस गं.” काय बदललं ते तिला सांगता येत नाही, आणि जुनी प्रत मी ठेवलेली नाही.